झायसेचें प्लॅटिनम-लवण : एका वादग्रस्त साक्षीचा निकाल

१. प्रास्ताविक

प्रस्तुत लेखाचा विषय त्रैमासिकाच्या नेहमींच्या वाचकांस किंचित् परका वाटण्याचा संभव आहे. यांत सनद नाहीं, महजर नाहीं, कोणा घराण्याची वंशावळहि नाहीं. डेन्मार्क देशांतील एका रसायनशास्त्रज्ञानें जवळजवळ दोनशें वर्षांपूर्वीं तयार केलेल्या एका पिवळ्या स्फटिकाची ही हकीकत आहे. तथापि जुने कागद तपासतांना आपण जो प्रश्न नित्य विचारतों, तोच प्रश्न या स्फटिकासंबंधानें उपस्थित झाला होता. एका साक्षीदारानें आपण प्रत्यक्ष तोलून मापून पाहिलेली गोष्ट लिहून ठेविली. त्याच्याहून वजनदार अशा दुसऱ्या पुरुषानें ती चुकीची ठरविली. तर खरें कोणाचें, आणि तें ठरवावयाचें कशाच्या आधारें? या वादाचा पहिला निकाल लागण्यास चाळीस वर्षें लागलीं व शेवटचा निकाल लागण्यास सुमारें दीडशें. साधनांची छाननी करणारांस या प्रकरणांत शिकण्यासारखें पुष्कळ आहे, असें वाटल्यावरून आम्हीं तें येथें क्रमानें मांडीत आहों.

२. साक्षीदाराची ओळख

साक्ष तपासण्यापूर्वीं साक्षीदार कोण हें पाहिलें पाहिजे. विल्यम क्रिस्तोफर झायसे याचा जन्म ता. १५ ऑक्टोबर १७८९ रोजीं डेन्मार्कांतील स्लॅगेल्से या गांवीं झाला. बापाचा धंदा औषधें तयार करून विकण्याचा. मुलानेंहि तोच धंदा उचलावा म्हणून त्यास कोपनहेगन येथें एका औषधशाळेंत उमेदवारीस ठेविलें. परंतु तेथें त्याचें मन रमलें नाहीं व तो लौकरच घरीं परतला. इ. स. १८०६ त तो पुन्हां राजधानीस आला. या खेपेस त्यास हान्स क्रिश्चन एर्स्टेड याचा आश्रय मिळाला. विजेचा प्रवाह जवळून गेला असतां होकायंत्राची सुई हलते, हा शोध पुढें इ. स. १८२० त लावणारा तोच हा एर्स्टेड. त्याच्या व्याख्यानांच्या वेळीं प्रयोग मांडून देण्याचें काम झायसेकडे आलें, आणि हाताची सफाई त्यास तेथेंच लाभली असें म्हणावयास हरकत नाहीं.

इ. स. १८१७ त झायसेनें डॉक्टर ही पदवी मिळविली. ज्या सालीं पुण्याची पेशवाई संपुष्टांत आली त्याच सालीं, म्हणजे इ. स. १८१८ त, तो परदेशीं निघाला. गटिंगेन येथें स्ट्रोमायर याच्या प्रयोगशाळेंत कांहीं महिने काढून तो पॅरिसला गेला. तेथें त्याची स्वीडनच्या बर्झीलियसशीं गांठ पडली. वजनकांट्याच्या कामांत बर्झीलियसची बरोबरी करणारा त्या काळीं युरोपांत क्वचितच कोणी असेल. स्वदेशीं परतल्यावर इ. स. १८२२ त झायसे कोपनहेगनच्या विद्यापीठांत रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला. इ. स. १८२९ त एर्स्टेडच्या खटपटीनें तेथें तंत्रविद्यालय निघालें, त्यांतहि तो शिकवूं लागला.

त्याच्या इतर कामगिरीचा थोडक्यांत निर्देश केला पाहिजे; कारण ज्याची दुसरीं विधानें वारंवार खरीं ठरलीं, त्याचें वादग्रस्त विधान एकदम टाकून देतां येत नाहीं. मद्यार्क, दाहक पालाश व कार्बन डायसल्फाइड नांवाचा दुर्गंधी द्रव यांच्या मिश्रणापासून त्यानें इ. स. १८२२ च्या सुमारास एक नवीन लवणवर्ग काढला. त्याचें तांब्याशीं होणारें संयुग पिवळें असतें, म्हणून ग्रीक भाषेंतील पिवळा या अर्थाच्या शब्दावरून त्यास झँथेट हें नांव पडलें. खनिजांची पूड पाण्यांत घुसळून हवी ती धातु फेंसाबरोबर वर काढण्याच्या कामीं विसाव्या शतकांत याच लवणांचा मोठा उपयोग झाला. इ. स. १८३४ त त्यानें मद्यार्काचाच परंतु प्राणवायूच्या जागीं गंधक असलेला भाऊबंद शोधिला. तो पाऱ्याशीं चटकन् संयोग पावतो, यास्तव 'पारा पकडणारा' या अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून त्यास मर्कॅप्टन म्हणूं लागले. गाजरांतील रंगद्रव्यांत केवळ कार्बन व हायड्रोजन आहेत, हेंहि त्यानें आपल्या अखेरच्या वर्षीं दाखविलें. ता. १२ नोव्हेंबर १८४७ रोजीं वयाच्या ५८ व्या वर्षीं तो मरण पावला.

३. लवणाची कृति

आतां मूळ विषयाकडे वळूं. प्लॅटिनमचें क्लोराइड मद्यार्कांत घालून उकळलें म्हणजे काय होतें, हा झायसेचा प्रश्न होता. त्या उकळींत कांहीं भाग काळा होऊन तळीं बसतो व वर एक आम्ल द्रव राहतो. त्या द्रवांत पोटॅशियम क्लोराइड मिळवून तो आटविला असतां लिंबासारख्या पिवळ्या रंगाचे स्फटिक निघतात. हे स्फटिक तापविले कीं त्यांतून पेट घेणारा वायु बाहेर पडतो. म्हणून त्यानें यास 'ज्वालाग्राही' लवण असें म्हटलें.

यांत नवल तें काय? प्लॅटिनमचीं क्लोराइडें व पोटॅशियमचें क्लोराइड यांचीं जोडलवणें रसायनशास्त्रज्ञांस माहीत होतीं. परंतु या लवणांत त्यांच्या जोडीस कार्बन व हायड्रोजनहि आढळले, आणि त्यांचें प्रमाण असें कीं, कार्बनच्या दोन अणूंमागें हायड्रोजनचे चार. हें प्रमाण ज्या वायूचें आहे त्यास त्या काळीं तैलजनक वायु म्हणत. आज त्यास इथिलीन म्हणतात. वाऱ्यासारखी पळून जाणारी ही वस्तु प्लॅटिनमसारख्या जड धातूशीं जखडून पिवळा स्फटिक होऊन बसते, असें झायसेचें म्हणणें पडलें. मद्यार्कांतून पाणी निघून गेलें म्हणजे इथिलीन उरतें, हें तेव्हां ठाऊक होतें. तेव्हां त्याचा उगम कोठून हा प्रश्न बिकट नव्हता. तें धातूस चिकटतें हीच गोष्ट अपूर्व होती.

४. वादाचा मुद्दा

झायसेचा शोध एका चालू भांडणाच्या ऐन मध्यांत जाऊन पडला. फ्रान्समध्यें ड्यूमा व बूले यांनीं इ. स. १८२८ च्या सुमारास असें मत मांडिलें होतें कीं, इथिलीन हा मूळ घटक असून मद्यार्क व ईथर हे दोन्ही पदार्थ त्याचीं पाण्याबरोबर झालेलीं संयुगें होत. उलटपक्षीं जर्मनींतील गीसेन येथें अध्यापन करणारा युस्टुस लीबिग याचें मत, मद्यार्क व ईथर यांचा पाया इथिलीन नसून इथिल नांवाचा निराळा समूह आहे, असें होतें. धातूशीं सरळ जोडलें गेलेलें इथिलीन झायसेनें दाखविल्यामुळें पहिल्या पक्षास आयताच पुरावा मिळाला. साहजिकच दुसऱ्या पक्षाची नजर त्या पुराव्याकडे वळली.

लीबिग वयानें झायसेहून चौदा वर्षांनीं लहान होता. पण अधिकारानें तो फार मोठा झाला होता. सेंद्रिय पदार्थांच्या पृथक्करणाचें उपकरण त्यानें इ. स. १८३१ त सुधारून सर्वांस सुलभ करून दिलें होतें. त्याच्या प्रयोगशाळेंत देशोदेशींचे विद्यार्थी येत. आणि ज्या नियतकालिकांत असे वाद लढविले जात त्यांपैकीं एकाचा तो स्वतः संपादक होता. इ. स. १८३७ त त्यानें झायसेच्या पृथक्करणावर कडक टीका केली. त्याचें म्हणणें असें कीं, या लवणांत इथिलीन नाहींच. त्यांत ईथर आहे. झायसेनें पुन्हां प्रयोग करून त्याच सालीं पोगेनडॉर्फच्या नियतकालिकाच्या ४० व्या खंडांत आपलें उत्तर छापिलें व पूर्वींच्याच विधानावर तो कायम राहिला.

दोन्ही पक्षांत अंतर किती होतें, हें आंकड्यांनीं पाहणें अगत्याचें आहे. ईथरचा एक रेणु म्हणजे इथिलीनचे दोन रेणु अधिक पाण्याचा एक. म्हणजे लीबिगच्या मतें सुक्या लवणांत इथिलीनच्या प्रत्येक रेणूमागें पाण्याचा अर्धा रेणु जास्त, एवढाच काय तो भेद. आजच्या अणुभारांवरून आम्हीं हिशेब करून पाहिला, तो येणेंप्रमाणें. झायसेच्या मतानुसार शंभर भाग सुक्या लवणांत हायड्रोजन १.०९ भाग व प्लॅटिनम ५२.९ भाग निघावें; लीबिगच्या मतानुसार हायड्रोजन १.३४ व प्लॅटिनम ५१.७. हायड्रोजन तोलावयाचा तो जाळून झालेल्या पाण्याच्या रूपानें. एक ग्रॅम सुकें लवण जाळलें असतां पहिल्या मतानें सुमारें ९८ मिलिग्रॅम पाणी मिळेल, दुसऱ्या मतानें सुमारें ११९. सगळा वाद या २१ मिलिग्रॅम पाण्याचा.

याहूनहि एक गोष्ट विशेष आहे. ताज्या स्फटिकांत मुळांतच पाण्याचा एक रेणु असतो; तो शंभरांत सुमारें ४.७ भाग भरतो व सुकविल्यानें निघून जातो. आतां समजा, सुकविण्यांत कसूर होऊन त्यांतील अर्धें पाणी मागें राहिलें; तर अशा अर्धवट सुक्या इथिलीन-लवणाचें पृथक्करण आणि पूर्ण सुक्या ईथर-लवणाचें पृथक्करण हीं तंतोतंत सारखीं येतील. दोहोंत एका अणूचाहि फरक पडणार नाहीं. म्हणजे प्रश्न वजनकांट्याइतकाच लवण किती सुकविलें याच्या विश्वासाचा होता. आणि कोरड्या आंकड्यांवरून तिऱ्हाइतास तो सोडवितां येण्याजोगा नव्हता. अशा प्रसंगीं लोक बहुधा मोठ्या नांवाकडे झुकतात. कागदाचें अक्षर लागत नाहीं तेथें बखरकाराचें नांव पाहून निर्णय करणारे आपल्यांतहि आहेत.

५. पहिला निकाल

झायसे वारला तेव्हां हा वाद मिटलेला नव्हता. त्यानंतर चौदा वर्षांनीं, इ. स. १८६१ त, ग्रीस व मार्टियस या दोघांनीं हें लवण विघटित करून त्यांतून इथिलीन निघतें असें दाखविलें. परंतु पदार्थ मोडतांना जें निघतें तें त्यांत पूर्वींपासून त्याच रूपानें होतें कीं मोडण्याच्या क्रियेंत नवें झालें, ही शंका राहतेच.

ती शंका इ. स. १८६८ त बिर्नबाउम यानें दूर केली. त्यानें मद्यार्कास मुळीं हातच लाविला नाहीं. प्लॅटिनमच्या खालच्या प्रतीच्या क्लोराइडाचा आम्ल द्राव घेऊन त्यांत सरळ इथिलीन वायु सोडिला, व त्यापासून झायसेचेंच लवण तयार केलें. मद्यार्क नाहीं म्हणजे ईथर येण्याचा मार्गच खुंटला. इतक्यावर न थांबतां त्यानें इथिलीनच्या जातीचे दुसरे वायु व द्रव घेऊन तशींच लवणें बनविलीं. एकाच घटनेची हकीकत दोन निरनिराळ्या दप्तरांत, एकमेकांची नक्कल नसतांना, सारखी सांपडली म्हणजे आपण ती प्रमाण मानतों. त्यांतलाच हा प्रकार होय.

ग्रीस-मार्टियस यांचा व बिर्नबाउमचा हे दोन्ही लेख लीबिगच्याच नियतकालिकांत प्रसिद्ध झाले, आणि तेव्हां लीबिग हयात होता. झायसेच्या कैफियतीवर ज्या दरबारानें ताशेरे झाडिले, त्याच्याच दप्तरांत तिच्या खरेपणाची नोंद झाली. लीबिगच्या संबंधानें हेंहि लिहिलें पाहिजे कीं, मद्यार्क व ईथर यांच्या मूळ भांडणांत त्याचाच पक्ष पुढें अधिक फलदायी ठरला. ड्यूमा व बूले यांची उपपत्ति टिकली नाहीं. झायसेचें निरीक्षण ज्या उपपत्तीचा आधार म्हणून पुढें केलें गेलें ती उपपत्ति पडली, पण निरीक्षण उभें राहिलें.

६. स्फटिकाची साक्ष

इथिलीन आहे हें ठरलें. परंतु तें प्लॅटिनमला धरून कसें राहतें? इथिलीनमधील कार्बनचे सर्व हात आधींच गुंतलेले असतात. धातूस देण्यास एकहि मोकळा नाहीं. हें कोडें सुटण्यास दोन साधनांची जरूरी होती. एक, स्फटिकाच्या आंत कोणता अणु कोठें आहे हें दाखविणारें. व दुसरें, अणूंच्या बंधांची नवी मीमांसा. पहिलें साधन इ. स. १९१२ त हातीं आलें. त्या सालीं लाउए व त्याचे सहकारी यांनीं स्फटिकांतून क्ष-किरण गेले असतां ते ठराविक दिशांनीं विखुरतात असें दाखविलें, व लौकरच ब्रॅग पितापुत्रांनीं त्या विखुरण्यावरून अणूंच्या जागा काढण्याची रीति बसविली. प्लॅटिनमच्या या प्रकारच्या लवणांत धातूभोंवतीं चार घटक एकाच पातळींत चौकोनानें बसतात, असें आल्फ्रेड वेर्नर यानें इ. स. १८९३ त तर्कानें सांगितलें होतें, इ. स. १९२२ त डिकिन्सन यानें क्ष-किरणांनीं तें प्रत्यक्ष पडताळून पाहिलें.

बंधाची मीमांसा इ. स. १९५१ त ड्युअर यानें व १९५३ त चॅट व डंकनसन यांनीं केली. तिचें सार असें : इथिलीनच्या दोन कार्बनांमध्यें दुहेरी बंध असतो, त्यांतील एका जोडीचे इलेक्ट्रॉन तें धातूकडे झुकवितें, आणि धातु आपल्याजवळचे कांहीं इलेक्ट्रॉन इथिलीनच्या रिकाम्या जागेंत परत देते. ही देवघेव दुहेरी असल्यानें बंध टिकतो. पण तिचा एक परिणाम अटळ आहे : दोन कार्बनांचा आपसांतील बंध थोडा सैल होऊन त्यांमधील अंतर वाढलें पाहिजे. मीमांसा खरी कीं खोटी हें यावरून तपासतां येण्याजोगें होतें.

इ. स. १९५४ त वुंडरलिख व मेलर यांनीं क्ष-किरणांच्या साहाय्यानें झायसेच्या लवणाची स्थूल रचना प्रसिद्ध केली. पुढें इतरांनीं ती अधिक बारकाईनें काढिली. तरी एक अडचण उरली. क्ष-किरण अणूंतील इलेक्ट्रॉनांवरून विखुरतात. प्लॅटिनमजवळ ७८ इलेक्ट्रॉन, हायड्रोजनजवळ एकच. नगाऱ्याशेजारीं टांचणी पडल्याचा आवाज ऐकूं यावा कसा? न्यूट्रॉन मात्र अणुगर्भावरून विखुरतात, व त्यांस हायड्रोजन चांगला दिसतो. इ. स. १९७५ त लव्ह, केट्झल, विल्यम्स, अँड्र्यूज व बाउ या पांच जणांनीं न्यूट्रॉनांच्या योगानें या लवणाची सूक्ष्म मोजणी प्रसिद्ध केली.

तिच्यांत आढळलेल्या गोष्टी अशा. प्लॅटिनमभोंवतीं चौकोनाच्या तीन कोंपऱ्यांवर क्लोरिनचे तीन अणु आहेत. चौथ्या कोंपऱ्यावर इथिलीन आहे. तेंहि एका टोंकानें चिकटलेलें नसून दोन्ही कार्बन धातूपासून जवळजवळ सारख्याच, म्हणजे सुमारें २.१३ अँगस्ट्रॉम अंतरावर, आणि त्यांस जोडणारी रेषा चौकोनाच्या पातळीस आडवी छेदून उभी. एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटावा भाग. दोन कार्बनांमधील अंतर १.३७५ अँगस्ट्रॉम भरलें; मोकळ्या इथिलीनमध्यें तें १.३३७ असतें. म्हणजे बंध सैल झाला आहे, पण तुटलेला नाहीं. चारहि हायड्रोजन धातूपासून दूर मागें कलले आहेत. आणि ज्या पाण्यावरून सन १८३७ चें भांडण झालें, तें पाणी स्फटिकांत वेगळें बसलेलें आहे. तें इथिलीनशीं जोडलेलें नाहीं व प्लॅटिनमशींहि नाहीं. लीबिगनें विचारलेल्या प्रश्नास स्फटिकानें स्वतः दिलेला हा जबाब होय.

७. दोन प्रचलित चुका

या लवणाविषयीं लिहितांना दोन ठिकाणीं प्रमाद होतो, तो दुरुस्त करून ठेवणें इष्ट आहे.

पहिला कालाचा. कोणी या शोधाचें साल १८२७ देतात, कोणी १८३०, तर कोणी १८३१. यांत खरा विरोध नाहीं. पहिलें संक्षिप्त वृत्त पोगेनडॉर्फच्या नियतकालिकाच्या ९ व्या खंडांत १८२७ सालीं आलें. सविस्तर निबंध लॅटिन भाषेंत कोपनहेगन येथें १८३० त निघाला. व त्याचें जर्मन रूप त्याच नियतकालिकाच्या २१ व्या खंडांत १८३१ त छापलें गेलें. शोधाचें साल १८२७ धरावें व पूर्ण पुराव्याचें १८३०.

दुसरा प्रमाद अग्रमानाचा. धातु व सेंद्रिय समूह यांचें हें पहिलेंच संयुग, असें पुष्कळ ठिकाणीं लिहिलेलें असतें. तें तितकेंसें नेमकें नाहीं. फ्रान्समध्यें कादे यानें अठराव्या शतकाच्या मध्यास सोमलापासून जो धुमसणारा दुर्गंधी द्रव काढिला होता, त्यांतहि सोमलाचें मूलद्रव्य कार्बनशीं जोडलेलें होतें. झायसेच्या लवणाचा मान निराळा व नेमका सांगावयाचा तर असा कीं, प्लॅटिनमच्या वर्गांतील धातूशीं इथिलीनसारखा पदार्थ जोडला गेल्याचें हें पहिलें उदाहरण. या जातीच्या संयुगांचें शास्त्र इ. स. १९५१ त फेरोसीन हा पदार्थ सांपडल्यावर झपाट्यानें वाढलें, आणि इ. स. १९७३ चें नोबेल पारितोषिक फिशर व विल्किन्सन यांस त्याच क्षेत्रांतील कामाबद्दल मिळालें. तोंवर झायसेच्या लवणास सव्वाशेंहून अधिक वर्षें होऊन गेलीं होतीं.

८. उपसंहार

या प्रकरणावरून निष्पन्न होणाऱ्या गोष्टी आम्हांस तीन दिसतात. पहिली, साक्षीदारानें काय पाहिलें आणि त्यावरून कोणी काय अनुमान केलें, हीं दोन निरनिराळीं ठेविलीं पाहिजेत. इथिलीनची उपपत्ति फसली म्हणून झायसेचें पृथक्करण फसलें नाहीं. दुसरी, टीकाकाराचा अधिकार कितीहि मोठा असला तरी तो पुरावा नव्हे. आणि तो एका मुद्यावर चुकला म्हणून त्याचें सगळेंच चुकलें असेंहि नव्हे. तिसरी, ज्या प्रश्नाचा निकाल त्याच प्रकारच्या पुराव्यानें लागत नाहीं, त्यासाठीं दुसऱ्या प्रकारचा पुरावा शोधावा. पृथक्करणानें जें सुटलें नाहीं तें बिर्नबाउमच्या उलट कृतीनें सुटलें, व तिनें जें उरलें तें स्फटिकाच्या मोजणीनें.

आपल्या संग्रहांतूनहि असे कागद असतील, कीं ज्यांवर पूर्वींच्या एखाद्या मान्यवर संशोधकानें बनावट म्हणून शेरा मारला आहे. ते टाकून देऊं नयेत. शेऱ्यासह, परंतु मूळ अक्षरास धक्का न लावतां, जपून ठेवावे. झायसेनें आपलीं वजनें जशींच्या तशीं छापून ठेविलीं नसतीं, तर पुढच्यांस ताडून पाहण्यास कांहींच उरलें नसतें.